काट्यावरचा बटाटा

फाबोर्ग, १७ ऑगस्ट

प्रिय सोल्वाय,

तुझा बाबा म्हणाला, आईला लिहायचंच असेल तर तिने कागदावर लिहावं, असं तू सांगितलंस. म्हणून कागदावर लिहितेय. दुकानात पत्राचा कागद मागितला तर त्या पोरीने मला प्रिंटरचा गठ्ठा दाखवला. शेवटी आजोबांच्या टेबलात हे कागद मिळाले. कोपऱ्यात त्यांच्या फेरीबोटीचं चित्र आहे. तुला बरं वाटावं म्हणून मुद्दाम काढला असं समजू नकोस, दुसरा नव्हताच.

तुमच्या निवासी शाळेत फोन कपाटात कुलूप घालून ठेवतात आणि शनिवारी तासभर हातात देतात, हे ठीकच आहे. त्या तासात तू बाबाला फोन करतेस. तो फोन घेऊन मागच्या शेडमध्ये जातो. परत आला की मी विचारते, काय म्हणाली? म्हणतो, "बरी आहे." बस. एवढ्यासाठी चाळीस मिनिटं शेडमध्ये. तुझा बाबा लग्नाआधीही असाच मूग गिळून बसायचा, तेव्हा मला ते भारदस्त वाटायचं.

तुझी खोली जशी होती तशी आहे. मी आत गेलेली नाही. म्हणजे एकदा गेले, खिडकी लावायला. भिंतीवरचा सागरी नकाशा एका कोपऱ्यातून सुटलाय, तो चिकटवला. बाकी कशाला हात लावला नाही.

मला कसं वाटतंय असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. काही वाटत नाही. रडू वगैरे येत नाही. मुलांच्या केंद्रावर कामाला जाते, साडेचारला घरी येते, बटाटे उकडते, ताटं घेते.

बटाटे हा शब्द लिहायला नको होता. पेनने लिहिलेलं पुसता येत नाही हे मी विसरूनच गेले होते.

त्या गाण्याचं आपण कधीतरी बोलू. पण तो व्हिडिओ मी टाकला नव्हता, हे तुला शंभरदा सांगून झालंय. सगळा वेळ फोन धरून कोण उभं होतं, ते तूही पाहिलंस. विबेके आत्याला मी त्यानंतर घरात पाऊल ठेवू दिलेलं नाही, ते कोणासाठी?

ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या सोबत पाठवतेय.

तुझी आई


फाबोर्ग, १४ सप्टेंबर

प्रिय सोल्वाय,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. पण मला ती गोष्ट एकदा माझ्या बाजूने लिहायचीय. समोर असलीस की तू उठून जातेस. कागदावरून तरी उठून जाता येणार नाही. म्हणजे येईल, पण मला दिसणार नाही.

चर्चमध्ये कन्फर्मेशनची दीक्षा झाली की नंतरच्या जेवणाला गाणं कोणाकडे होत नाही, सांग बरं? माझ्या वेळी माझ्या आत्याने नऊ कडवी रचली होती. मी लहानपणी पाद्रीबुवांच्या बुटात शू केली होती, तेसुद्धा त्यात होतं. प्रत्येकाच्या ताटाजवळ गाण्याच्या कागदाची सुरळी, तिला फीत बांधलेली, आणि सगळं टेबल ओळखीच्या चालीवर गातंय. मी लालबुंद होऊन बसले होते. शेवटी तीनदा हुर्रे झालं, केक आला. कोणी मेलं नाही.

तुझ्यासाठी मलाही नऊच करायची होती. पाच झाली आणि गाडी अडली. दात पडला तेव्हाचं झालं, सायकलवरून तलावात गेलीस ते झालं, आजोबांच्या बोटीवर सुकाणू धरलंस आणि सहाव्या वर्षी जाहीर केलंस की मी कप्तान होणार, तेही झालं. पुढे काय? चौदा वर्षांच्या मुलीबद्दल आईला माहीत काय असतं? तू शाळेतून आलीस की दार बंद. जेवायला आलीस तर "हं" आणि "नको".

मी हुडकायला गेले नव्हते. स्वयंपाकघरातला टॅब घेतला, केकची कृती बघायला. त्यावर तुझं खातं उघडंच होतं. त्या एआयशी चाललेल्या तुझ्या गप्पा. एकाखाली एक मथळे, लांबलचक यादी. मला वाटलं, चला, एक बघावी. मग दुसरी बघितली. अगं, किती गोड होतं ते! खोल पाण्याची भीती वाटत असेल तर कप्तान होता येतं का, असं विचारत होतीस. नावाड्यांना पोहता यावंच लागतं का. मला कित्येक महिन्यांनी वाटलं, ही आली माझी मुलगी. दुपारभरात चार कडवी झाली. सातवं असं होतं, तुला पाठच असेल:

दहा सेकंद गायब होते, कुठे जाते कोण जाणे,
काट्यावरचा बटाटा थांबतो, थांबते तिचे खाणे!
कप्तीणबाई, जहाज तुमचे तोवर कुठे हो जाणार?
खडकावरती आपटल्यावर मगच भानावर येणार?

बेचाळीस माणसं गात होती. तुझा प्रेबेन काका काट्याला बटाटा टोचून, डोळे फिरवून उभा राहिला, तेव्हा तर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तूही हसत होतीस. मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी निळा सोमवार, कन्फर्मेशन झालेल्या मुलांचा मौजेचा दिवस. शाळेला दांडी, नवे कपडे, नवे फोन, सगळी टोळी ओडेन्स शहरात. संध्याकाळी तू आलीस ती सरळ खोलीत गेलीस. विकत घेतलेले बूट पिशवीतून काढलेसुद्धा नाहीस. मला वाटलं, चालून चालून पाय दुखले असतील.

मग वर्षभर वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत राय धान्याचा पाव तोंडापाशी नेऊन पुतळे व्हायची, हे मला तुझ्या वर्गशिक्षिकेने सांगितलं. तू नाही सांगितलंस. तुला माझ्याशी बोलताच येत नव्हतं असं तर नव्हतं ना?

बघ, पुन्हा मी तुझ्यावरच आणलं.

आई


फाबोर्ग, ५ ऑक्टोबर

प्रिय सोल्वाय,

आज छोटंच लिहिते. आमच्या केंद्रावर रोज दुपारी मुलांचे फोटो काढून पालकांच्या अॅपवर टाकायचे असतात, तुला माहीत आहे. वीस मुलं, निदान दहा फोटो. पालकांना आवडतं. मी या कामात सगळ्यांत पटाईत, असं आमची प्रमुख म्हणते.

काल आल्बर्टे नावाची सात वर्षांची पोर चिखलात किल्ला करत होती. मी फोन काढला तर तिने पंजा तोंडासमोर धरला. म्हटलं, अगं, हात काढ ना, आईला दाखवायचाय. तर म्हणते, "आईला मी घरी गेल्यावर दिसेनच की."

मी फोन खिशात ठेवला. नंतर लक्षात आलं की काल मी एकही फोटो टाकला नाही. तीन पालकांनी विचारलं, आज काही झालं का? म्हटलं, काही नाही, मुलं खेळली.

बेचाळिसाव्या आठवड्याची, शरदातली सुट्टी जवळ आली. पलंगावर नवी चादर घातलीय. जहाजाच्या शाळेतली मुलाखत सुट्टीतल्या गुरुवारी आहे ना? बाबा म्हणाला. माझ्याकडून शुभेच्छा. आजोबा असते तर स्वतः सोडायला आले असते आणि तिथल्या लोकांना दोरीच्या गाठींवरून चार शब्द सुनावले असते.

आई


फाबोर्ग, १९ ऑक्टोबर

प्रिय सोल्वाय,

चादर काढून ठेवली. तू मुलाखतीनंतर परस्पर शाळेत परत गेलीस हे बाबाने गाडी अंगणात लावतानाच सांगितलं. मी म्हटलं, बरं.

मुलाखत कशी झाली विचारलं तर म्हणे, झाली. दोन दिवस तेच. शेवटी काल तो गाडीला हिवाळी टायर चढवत होता, मी मुद्दाम पाना घेऊन उभी राहिले. म्हटलं, ब्यार्ने, बोलणार नसशील तर पाना मिळणार नाही. तेव्हा बोलला. खाली वाकून, टायरशी बोलल्यासारखा.

तो मुलाखतीला तुझ्या शेजारीच बसला होता, त्याच्याकडून मला कळलं ते असं. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी तुझे गुण पाहिले, नकाशावर मार्ग आखून घेतला आणि खूश झाले. म्हणाले, असं हल्ली कोणाला येत नाही. मग तुझ्याकडे नीट बघितलं आणि हसले. "थांब, तू ती बटाट्याची मुलगी ना? गायब होणारी? माझ्या लेकीने दाखवला होता तो व्हिडिओ. पोट धरधरून हसलो होतो आम्ही."

वाईट मनाने नाही म्हणाले, बाबा सांगत होता. मोकळं व्हावं म्हणून म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं, हसू थांबलं आणि त्यांनी विचारलं, "पण ते खरंच होतं का तुला?"

तू 'नाही' म्हणू शकली असतीस. दोन अक्षरं. कोणाला कळणार होतं?

तू 'हो' म्हणालीस. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मग आधी डॉक्टरांचा कागद आण, त्याशिवाय तुला डेकवर पाठवता येणार नाही.

बाबा म्हणाला, परतीच्या वाटेवर तू एकदाच बोललीस. "तिने मला विचारलं असतं तर मी तिला सांगितलं असतं." मी त्याला तीनदा विचारलं, नक्की असंच म्हणाली का? नक्की असंच, म्हणाला.

मी पाना त्याच्या हातात दिला आणि आत येऊन भांडी घासली. स्वच्छ होती ती.

आई


फाबोर्ग, २३ नोव्हेंबर

प्रिय सोल्वाय,

मेंदूच्या तपासण्या चालू आहेत एवढं बाबाने सांगितलं. पुढचं तो सांगत नाही, तूच बजावलंस म्हणे. मी दवाखान्याच्या संकेतस्थळावर तुझं पान उघडून पाहिलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. पंधरा वर्षं झाली की मुलांचं पान आईबापांना उघडत नाही. मला ते ठाऊक होतं, आमच्या केंद्रावरच्या कितीतरी आयांना मीच समजावलंय. तरी केलं. 'तुम्हाला हे पाहण्याचा अधिकार नाही' असं आलं. मी ते चारदा वाचलं.

आता एक लिहिते. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, बाबालाही नाही.

सातवं कडवं मी माझ्या मनाने रचलं नव्हतं. तू त्या यंत्राला लिहिलं होतंस: "कधीकधी मी दहा सेकंद नसतेच. परत येते तेव्हा लोक पुढचं वाक्य बोलत असतात. हे सगळ्यांना होतं का? असं होणाऱ्याला जहाज चालवू देतात का?" त्याने उत्तर दिलं होतं की हे डॉक्टरांना दाखवायला हवं, घरातल्या मोठ्या माणसाशी बोल, आईला सांग.

आणि तू लिहिलं होतंस: "आईला नको. आई सगळ्यांना सांगते."

मी हे वाचलं होतं, सोल्वाय. गाणं करायच्या आधी वाचलं होतं. मला राग आला. मला म्हणजे! मी काय गावभर डांगोरा पिटणारी बाई आहे? रागातच पेन्सिल घेतली आणि 'कोण जाणे'ला 'खाणे' जुळतं का बघू लागले. आणि मग ते इतकं छान जुळलं की राग गेला.

बटाटा मात्र माझा. टेबलावर तू समोर बसायचीस, काटा अर्ध्यावर, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. मी म्हणायची, "ए, उतर खाली!" आणि तू उतरायचीस. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. मी तुझी आई, मी रोज वीस मुलांवर लक्ष ठेवायचा पगार घेते, आणि मला ते विनोदी वाटलं. यंत्राला जे एका वाक्यात कळलं, त्याला मी चाल लावली.

परवा मी कन्फर्मेशनचे फोटो काढून बसले. सातव्या कडव्याचा एक आहे. तू हसत नाहीयेस. दात दिसतायत फक्त.

बाबा विचारत होता, दिवसभर काही खाल्लंस का? खाल्लं होतं. चव कशी होती ते आठवत नाही.

आई


फाबोर्ग, २७ डिसेंबर

प्रिय सोल्वाय,

नाताळला तू मैत्रिणीकडे गेलीस. बदक भाजलं होतं, आम्ही दोघांनी खाल्लं. झाडाभोवती फेर धरायला दोन माणसं पुरत नाहीत. झाडाच्या अलीकडे पलीकडे उभं राहून एकमेकांचे हात धरले, मग बाबा म्हणाला, "दोर्ते, सोड, कसंतरीच दिसतंय." आम्ही बसलो.

व्हिडिओ मी टाकला होता.

विबेके आत्याने तो काढला हे खरं. पण तिने तो फक्त मला पाठवला होता. तुमची टोळी ओडेन्सच्या गाडीत बसली असेल तेव्हा मी तो माझ्या पानावर टाकला, खाली तीन लाल बदाम. 'आमची कप्तीण' असं वर लिहिलं. माझ्या ओळखीची दीडएकशे माणसं, त्यात तुझ्या वर्गातल्या बहुतेक आया. दुपारपर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. मी दर पाच मिनिटांनी बघत होते. मंगळवारी काढून टाकला. पण तोवर कोणीतरी उतरवून घेऊन पुढे ढकलला होता, संगीत लावून, बटाटा मोठा करून.

तू विचारलंस, कोणी टाकला? मी म्हटलं, आत्याने. ते तोंडातून निघून गेलं. नंतर ते परत घ्यायचं म्हणजे दोन गोष्टी कबूल करायच्या, म्हणून घेतलंच नाही. दीड वर्ष तू तुझ्या लाडक्या आत्याशी बोलत नाहीस आणि मी तिला घरात घेत नाही. मी इतकी चांगली रागावत होते तिच्यावर की कधीकधी मलाच खरं वाटायचं.

काल तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं, मला बघून आश्चर्यही दाखवलं नाही. कॉफी ठेवली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माहीत आहे मला, दोर्ते. मी तुझं पान बघत नव्हते असं वाटलं की काय?"

म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? सोल्वायला सांगायचंस!

म्हणाली, "आत्या नसली तरी पोरीचं चालतं. आई गेली असती तर कोणाकडे जाणार होती ती? मला वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील." मग म्हणाली, "केक घे. कोरडा झालाय, पण घे."

मी घेतला. मी तिला सॉरी म्हटलं, ते टपालाची पावती मागावी तसं निघालं. पण म्हटलं.

तू तिला लिहिलंस तर तिला आवडेल. मला लिहिलं नाहीस तरी.

आई


फाबोर्ग, १ फेब्रुवारी

प्रिय सोल्वाय,

महिनाभर लिहिलं नाही. तू बाबाला फोन करतेस तोवर बरी आहेस असं धरून चालले. तुझ्या तपासण्यांचा निकाल या आठवड्यात येणार, जहाजाच्या शाळेचं त्यावर ठरणार, हे मी बाबाकडून नाही, कॅलेंडरवरून ताडलं. त्याने या आठवड्यावर नुसता एक नांगर काढून ठेवलाय. लहान मुलासारखा.

आज सकाळी मी पाव करायला घेतला आणि प्रमाण विसरले. टॅब दीड वर्ष कपाटात मागे पडला होता, मीच ढकलला होता. काढला, चार्ज केला. उघडला तर तुझं खातं अजून तिथेच उघडं. मला वाटलं होतं तू केव्हाच बंद केलं असशील. शाळेच्या लॅपटॉपवर तू जे लिहितेस ते इथेही येतंय. यादी पुन्हा लांब झालीय. मी मथळे वाचले. सगळे नाही, पण वाचले, हे कबूल करते, डोळे झाकायच्या आत वाचून झाले होते.

सगळ्यांत वरचा परवाचा होता. 'आईला कसं सांगायचं'.

मी कणकेच्या हातांनी तशीच बसले. किती वेळ ते सांगता येत नाही, पीठ हातावर वाळून तडकलं तेवढा वेळ. एक बोट लागलं असतं. निकाल त्यात होता, हे मला कळत होतं. तू बरी आहेस का नाहीस, तुला जहाज मिळालं का नाही, माझ्याशी तुला बोलायचंय का कायमचं तोडायचंय, सगळं एका बोटाच्या पलीकडे होतं. आणि मला वाटलं, मी आई आहे, मला हक्क आहे, तिला काही झालं तर? हेच सगळं मला मागच्या वेळीही वाटलं होतं, त्याच खुर्चीत.

मी 'बाहेर पडा' दाबलं. त्याने विचारलं, नक्की? मी 'हो' म्हटलं. मग टॅब पूर्ण पुसून टाकला, केकच्या कृतींसकट. तो या पत्राच्या पार्सलात आहे. पडद्यावर पीठ लागलंय, ते तेवढं पूस.

मी ते उघडलं नाही. शपथ घेत नाही, माझ्या शपथेची किंमत तुला माहीत आहे. तुला पटलं नाही तर नाही.

एवढंच सांगते. महिन्यांमागून महिने मला काही वाटत नव्हतं. आज 'हो' दाबलं तेव्हा इतकं भ्यायले की बाबाला हाक मारली. तो शेडमधून धावत आला. मी म्हटलं, काही नाही, पाव फसला.

तुला जे सांगायचं असेल ते यंत्राने शिकवल्यासारखं सांगू नकोस. कसंही सांग. किंवा नको सांगूस. मी वाट बघेन आणि विचारणार नाही. नाही, विचारेन. तू म्हणाली होतीस ना, विचारलं असतं तर सांगितलं असतं? विचारते.

सोल्वाय, तुला काय होतंय?

आई


शाळेतून, ८ फेब्रुवारी

आई,

पाकिटाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलीय. फाटली तर मला कळेल असं लिहिणार होते, पण ते तुझ्या हातात पडेल तेव्हा तूच फाडणार, त्यामुळे काही अर्थ नाही.

अपस्मार आहे. आकडी येऊन पडायचा नाही, तो दहा सेकंदांचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, लहानपणापासून असणार. गोळ्या चालू झाल्या. त्यांनी झोप येते आणि जीभ जड होते. जहाजाच्या शाळेने नाही म्हटलं. त्या गृहस्थांनी स्वतः फोन केला, व्हिडिओबद्दल माफी मागितली, काही वर्षं असं एकदाही झालं नाही तर पुन्हा ये म्हणाले. बंदरात किनाऱ्यावरून बोटींना वाट दाखवणारी माणसं असतात, पडद्यावर बघून. ते काम मला चालेल का असं विचारलं. मी म्हटलं, मला पडद्यावर कोणाला बघत बसायचं नाहीये. मग रडले. फोन ठेवल्यावर.

ते मी त्या यंत्रात लिहिलं होतं. तू उघडलं नाहीस हे मला पटलं. उघडलं असतंस तर पत्रात काहीतरी सांत्वनाचं लिहिलं असतंस.

आत्याला लिहिलं. तुझ्यावर अजून खूप राग आहे. तो कमी झाला की कळवेन, असं नाही, पण आहे तो आहे.

येत्या रविवारी पालकांचा दिवस आहे. दोन वाजता. बाबाला सांग, तुलाही घेऊन यायला. फोन घरी ठेवून ये, गाडीत नको, घरी. आपण तळ्याकडे चालत जाऊ. मला मध्येच गायब व्हायला झालं तर थांब, हाक मारू नकोस, मी येते परत.

हे मी तुला सगळ्यात आधी सांगतेय. बाबालाही अजून नीट माहीत नाही. विबेके आत्यालाही नाही.

गाणं करू नकोस.

सोल्वाय